मिशीवाल्या वस्ताद

वस्ताद खेळायला बसल्या की खालच्या मजल्यावर खरीच मारामारी चाललीय असं वाटायचं. "धर की त्याचा पाय! अरं धर की मुडद्या!" असा आवाज जिन्यातून वर यायचा आणि आमच्याकडं कामासाठी आलेला नवा माणूस दचकून खुर्चीतून उठायचा. आम्ही म्हणायचो, बसा, काही नाही, घरमालकीण आहेत. साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली एक बाई इरकली लुगड्याचा पदर खोचून, पलंगावर मांडी घालून, फोन उशीला टेकवून कुस्ती खेळत असायची. फोनच्या पडद्यावर मात्र बाई नसायची. तिथं पांढऱ्या मिशांचा, सुटलेल्या पोटाचा एक म्हातारा पैलवान असायचा. खेळात त्याचं नाव वस्ताद. तालमीत शिकवणाऱ्याला काय म्हणतात हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. त्या म्हाताऱ्यावरूनच बाईंना हे नाव पडलं. मी आधी त्यांना काकू म्हणायचो, पुढं वस्तादच म्हणू लागलो. आजही त्यांची आठवण आली की दुसरं नाव तोंडात येत नाही.

तो म्हातारा मी काढलेला होता. राजारामपुरीत वस्तादांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा भागीदार सुहास मोबाइलवरचे खेळ तयार करायचो. त्यातला कुस्तीचा खेळ तेवढा चालला. खेळणाऱ्यानं आधी आपलं पात्र निवडायचं, मग फोनवरूनच कुठल्याही गावच्या माणसाशी कुस्ती धरायची, असा तो खेळ. हिशोब, बैठका, फोन हे सुहासकडं आणि पात्रं माझ्याकडं. माझी बायको नोकरीसाठी मुलीला घेऊन पुण्यात राहते. मी इथं एकटा. दिवसभर पडद्यावर माणसं घडवायची आणि संध्याकाळी खानावळीत जाऊन भिंतीकडं तोंड करून जेवायचं, असं माझं चाललं होतं.

वस्ताद पहिल्यांदा वर आल्या त्या भांडायला. आमच्या खुर्च्यांच्या चाकांचा घरघराट त्यांच्या डोक्यावर व्हायचा. "काय रं, वर गिरण टाकली व्हय तुम्ही?" असं दारातूनच विचारत त्या आत आल्या आणि माझ्या पडद्यासमोर थांबल्या. पात्रं निवडायचं पान उघडं होतं. त्यांनी माझ्याच खुर्चीत बसकण मारली आणि एकेक पात्र पुढं सरकवून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "चित्रकार, गडी झकास काढल्यात. एक चिपाड, एक ढोल्या, एक टकल्या, एक ह्यो म्हातारा. आन् बायका? एकच पोरगी लुगडी बदलून उभी केलीयास की."

मी म्हणालो, "तसं नाही काकू, चेहरे वेगळे आहेत."

"तोंडाचं न्हाय म्हनत मी. हिचं आतडं कुठं ठेवलंस?" त्यांनी पडद्यावरच्या पोरीच्या कमरेवर बोट टेकवलं. "कुस्ती खेळती म्हनं. दम कुठनं घेती? पोटात जागाच न्हाय. घागर तरी उचलंल का ही?"

मला ते लागलं, कारण मला त्या पानाचा अभिमान होता. जितके पुरुष तितक्याच बायका हव्यात, असं सुहासशी भांडून मी ते करून घेतलं होतं. मोजलं तर खोट नव्हती. पण संगणकात पात्र उभं करायचं म्हणजे आधी देह घडवावा लागतो, कपडे नंतर चढतात. पुरुषांसाठी मी एका तालमीत कित्येक दिवस जाऊन बसलो होतो. जाड माणूस वळतो कसा, म्हातारा बैठकीतून उठताना भार कुठं देतो, कान मोडलेला पैलवान मान कशी धरतो, हे सगळं मी टिपून आणलं होतं. प्रत्येकाचा देह वेगळा घडवला. बायकांसाठी मी कुठंच गेलो नव्हतो. एक देह घडवला, तोही माझ्या आधी अनेकांनी घडवलेल्या देहांकडं बघून, आणि त्यालाच सगळे कपडे चढवले. माझा हात सवयीनं त्या कमरेकडं वळत होता आणि मला ते कळतही नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी आपल्या फोनवर खेळ घालून घेतला. पात्र निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या बायकांवरून त्यांचं बोट न थांबता पुढं गेलं आणि म्हाताऱ्यावर थांबलं. खेळात तो फुकट मिळायचा आणि कुणी घ्यायचं नाही, कारण तो हळू होता. वस्ताद म्हणाल्या, "ह्यो माझ्यासारखा उठतो बघ. गुडघ्यावर हात टेकून." मग स्वतःशीच हसल्या. "मिशीचं काय एवढं. मिशी चालंल."

त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला. आईला अव्वा म्हणणारं, घरात निम्मं कन्नड बोलणारं. सासरची बाजारात गुळाची अडत होती. यजमान गेल्यावर मुलानं अडत बंद केली आणि वारणानगरला कारखान्यात नोकरी धरली. तो रविवारी फोन करायचा. "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो." त्याची नक्कल त्या हुबेहूब करायच्या आणि वर म्हणायच्या, "गुनाचं हाय पोरगं." एवढ्या मोठ्या घरात त्यांचा आवाज ऐकायला वरची आम्ही दोघंच. खालून आरडाओरडा ऐकू आला की मला बरं वाटायचं. खाली माणूस आहे, आणि त्या माणसाचं बरं चाललंय.

आमच्या खेळात काहीजणांना मिळून एक तालीम काढता यायची. वस्तादांच्या तालमीत कागल, हुपरी, इचलकरंजीकडची पोरं होती. कुणी गॅरेजात, कुणी कापडाच्या दुकानात, आणि हुपरीचा पिंटू नावाचा टेम्पोवाला. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. खेळता खेळता लिहून बोलायचे, एवढंच. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, त्यामुळं वस्तादांच्या लिहिण्यावरून कुणाला शंका आली नाही. त्यांच्या लेखी वस्ताद म्हणजे कुणी निवृत्त, तिरसट, मिशीवाला गडी. आणि ती पोरं त्यांना जे बोलायची! "ए म्हाताऱ्या, झोपलास काय?" असं कुणी लिहिलं की वस्ताद फोन घेऊन जिना चढून वर यायच्या आणि मला दाखवायच्या. "बघ, बघ, म्हाताऱ्या म्हनतंय मला!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशानं पाहिला नाही.

त्या पोरांना शिकवायच्याही. "दम धर. पुढचा दमला की मग शिर," हे त्यांचं ठरलेलं. म्हातारं पात्र हळू होतं, पण समोरचा थकेपर्यंत थांबायची तयारी असेल तर ते जिंकायचं, आणि थांबणं वस्तादांना येत होतं. एकदा पिंटूनं लिहिलं की भावाशी भांडण झालंय, मी आता घरी जात नाही, टेम्पोतच झोपणार. वस्तादांनी उत्तर पाठवलं, "आधी जेव. उपाशी मानसाचं भांडान मिटत न्हाय." थोड्या वेळानं त्याचा निरोप आला, "जेवलो वस्ताद. भाऊच वाढाय बसला." त्या दिवशी त्या वर येऊन आमच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सांगन्यानं कोन जेवलं, असं लई दिवसांत झालं न्हवतं."

मी बोलून गेलो, "त्यांना कळलं तुम्ही कोण आहात तर वेडी होतील."

त्या गर्रकन वळल्या. "सांगू नगंस. कुनालाच सांगू नगंस चित्रकार. बाई हाय म्हटल्यावर चार दिस कौतुक करतील आन् मग जपाय लागतील. जपायला घरची हाईत की. तिथं मला कोन जपत न्हाय, म्हनून तर जातो मी."

मी मान डोलावली. शब्द दिला असं म्हणा.

तो शब्द मी पहिल्यांदा सुहाससमोर मोडला, चहा पिता पिता, गंमत म्हणून. सुहास वाईट माणूस नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अरे, ही बातमी आहे! कोल्हापूरचा वस्ताद बाई निघाली. लोक डोक्यावर घेतील." त्याच सुमारास आम्ही एका मंगल कार्यालयात स्पर्धा भरवायची ठरवली होती. आमच्या खेळात पैसे घालू म्हणणारे दोघे पाहुणे पुण्याहून येणार होते. मी सुहासला नको म्हणालो. दुसऱ्या दिवशीही नको म्हणालो. मग माझ्या मनानं एक वाट काढली. त्या वाटेला मी तेव्हा चांगलं समजलो आणि आज तिचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आपण त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, हार. आपल्याकडं माणसाचं भलं करायचं म्हटलं की दुसरं सुचतं कुठं? आणि त्यांच्या नावानं खेळात एक नवं पात्र देऊ, बाईचं. त्याच म्हणाल्या होत्या ना, सगळ्या बायका एकसारख्या आहेत म्हणून. मी ते मनावर घेतलंय हे त्यांना भर सभेत दिसेल.

म्हणजे ते लोकांना दिसावं ही हौस माझीच होती. आता लपवून काय उपयोग?

त्यांना मी एवढंच सांगितलं, "स्पर्धा आहे, बघायला या. तुमची तालीम येणार आहे." त्या ठेवणीतलं इरकल नेसून आल्या आणि अगदी मागच्या रांगेत बसल्या. पुढं त्यांची पोरं जमली होती. एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती, गळ्यात पडत होती, आणि सगळी मिळून वस्तादांना शोधत होती. कार्यालयात शिरणाऱ्या प्रत्येक मिशीवाल्या म्हाताऱ्याकडं माना वळायच्या. पिंटू एका काकांना जाऊन विचारूनही आला, "वस्ताद तुम्हीच का?" ते काका लग्नाची तारीख ठरवायला आलेले. मागच्या रांगेत वस्ताद तोंडाला पदर लावून हसत होत्या, खांदे हलत होते. मी व्यासपीठावरून ते बघितलं. त्या हसण्यावरूनही मला कळायला हवं होतं. मी माइक हातात घेतला.

मी त्यांचं नाव घेतलं. वर बोलावलं. टाळ्या पडायला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी त्यांच्याकडं बघत होतो. मघाचं हसू तोंडावर तसंच होतं, पण ते आता त्यांचं राहिलं नव्हतं. त्या उठल्या. आल्या. चारचौघांत बोलावल्यावर त्या पिढीची बाई येते, तशा आल्या. सुहासनं शाल घातली, पुण्याच्या पाहुण्यांनी नारळ दिला. मग मागच्या मोठ्या पडद्यावर मी माझं नवं पात्र दाखवलं. वस्तादबाई.

मी ते मन लावून काढलं होतं. लुगडं इरकली, पदर खोचलेला, केसांत एक पांढरी बट. दंडाला थोडा भरीवपणा दिला होता. खाली तीच कमर, वर तीच मान, तोंडावर एक सुरकुती नाही. पंचविशीची पोरगी पांढरी बट लावून उभी होती. आणि खरं सांगतो, तिथं उभं असेपर्यंत मला वाटत होतं की मी त्यांनाच काढलंय.

वस्ताद वळून पडद्याकडं बघत राहिल्या. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "ही कोन?"

मी म्हणालो, "तुम्ही."

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हिशोबात चूक सापडल्यावर माणूस कागदाकडं बघतो तसं. तेवढ्यात पिंटू व्यासपीठावर चढला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "चुकलं आमचं काकू. काय काय बोललो तुम्हांला. माफ करा."

"न्हाय रं," त्या म्हणाल्या, "तसंच बोला की." पण त्याच्यामागं बाकीची पोरं रांगेनं उभी राहिली होती, चपला काढून.

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. कौतुक चार दिवस झालं. मग एका दुपारी त्या वर आल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि फोन माझ्यापुढं ठेवला. "पोरं पडत्यात रं माझ्यापुढं," त्या म्हणाल्या. "लागायच्या आधीच पडत्यात. नुरा कुस्ती." लढायचं नाटक करून आधी ठरल्याप्रमाणं पडणं, ह्याच्याइतकं हलकं आमच्या गावात दुसरं काही नाही. मी त्यांच्या तालमीतलं बोलणं वाचलं. शिव्या नव्हत्या. "काकू जेवलात का?" "काकू तब्येत जपा." "काकू डोळ्यांना त्रास होतोय, आता बास करा." एकानं तांबड्या रश्शाची कृती विचारली होती. कुणीतरी बाहेरच्यानं एक घाणेरडं वाक्य टाकलं होतं आणि त्यावर सगळी पोरं काकूंच्या वतीनं भांडत होती. काकू स्वतः त्यात कुठंच नव्हत्या.

"दुसरं नाव घ्या," मी म्हणालो, "मी करून देतो. कुणाला कळणार नाही."

"माझी खेळायची तऱ्हा वळखतील की ती. मीच शिकवलीय." फोन उचलून घेत म्हणाल्या, "आन् तुला कळंल."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला केली, ताटावरची माशी हाकलावी तशी. मी म्हणालो, ते पात्र काढून टाकतो. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुझ्या मनातली हाय ती. माझं नाव तेवढं काढून टाक." मी त्याच दिवशी काढलं.

मग मी एक अजून शहाणपणा केला. म्हटलं, आता नीट काढतो. म्हातारी, जाड, खऱ्या पोटाची बाई, कुस्ती खेळणारी. पडद्यासमोर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मला ती काढताच येत नाही. पोट बसल्यावर कसं दुमडतं, पदर खोचलेला असताना हात किती मागं जातो, एवढा देह पायावर पेलताना पाऊल कसं पडतं, मला काहीच माहीत नव्हतं. ही बाई रोज माझा जिना चढून येत होती. म्हाताऱ्या पैलवानांसाठी मी तालमीत दिवस घालवले आणि हिच्याकडं, समोर असून, एकदाही तसं पाहिलं नाही. मी खाली गेलो आणि विचारलं, तुम्ही चालताना, बसताना मी थोडं टिपून घेऊ का? त्या भाकरी थापत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "आता न्हाय." त्या 'आता'त मला थोडी आशा वाटली होती. ती काही खरी नव्हती.

खालचा आरडाओरडा कमी झाला. मग संध्याकाळी नुसता टीव्ही ऐकू येऊ लागला, तोही बेताचा. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना वारणानगरला घेऊन गेला. सामान गाडीत ठेवायला मी मदत केली. गाडीत बसताना त्यांनी मला वरच्या टाकीचा नळ कसा बंद करायचा ते पुन्हा एकदा सांगितलं, बाकी काही नाही. पुण्याच्या पाहुण्यांनी पैसे घातले नाहीत. सुहास काही महिन्यांनी पुण्याला नोकरीला गेला. मी अजून त्याच वरच्या मजल्यावर आहे. दुसऱ्यांसाठी पात्रं काढून देतो. खालच्या मजल्याला कुलूप आहे. खुर्ची सरकवताना मी अजून जपून सरकवतो आणि मग आठवतं की खाली कुणी नाही.

म्हातारी बाई काढायला मी हळूहळू शिकलो. भाजी मंडईत जाऊन बसायचो, जोतिबाच्या पायऱ्यांवर बसायचो. एका बाईनं विचारलंही, "काय पावणं, कुनाला शोधताय?" आता मी काढलेल्या बायका निरनिराळ्या असतात, एवढं म्हणू शकतो. काम देणारे पुष्कळदा त्या परत पाठवतात, कमर कमी करा म्हणून. मी एकदा नाही म्हणतो, दोनदा नाही म्हणतो. कधी ऐकतात, कधी काम जातं.

गेल्या उन्हाळ्यात घराच्या दुरुस्तीचं विचारायचं निमित्त काढून वारणानगरला गेलो. कारखान्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर मुलाचं घर. वस्ताद थोड्या वाळल्या होत्या. "या, बसा," म्हणाल्या. पूर्वी कधी मला अहो-जाहो केलं नव्हतं. सुनेनं चहा आणला. आम्ही छताच्या गळतीबद्दल, पाण्याच्या मोटरीबद्दल बोललो. सुहासची चौकशी केली, माझ्या मुलीचं शिक्षण विचारलं. सगळं नीट, रीतसर. माझ्या पिशवीत माझी नवी चित्रं होती. ती काढावीत असं दोनदा मनात आलं, आणि हात पिशवीकडं गेला नाही.

बोलता बोलता बाजूच्या स्टुलावर ठेवलेला त्यांचा फोन थरथरला. परत थरथरला. त्यांची नजर तिकडं गेली आणि तोंडावर एकदम ते जुनं, उनाड हसू आलं. कुणीतरी काहीतरी मजेशीर बोललं असणार, किंवा शिवी दिली असणार. मग त्यांना आठवलं की समोर मी बसलोय. हसू गेलं. त्यांनी शांतपणे हात लांब करून फोन पालथा घातला.

"सुनंच्या माहेरचा ग्रुप हाय," त्या म्हणाल्या.

"असू दे," मी म्हणालो. कुठला खेळ, कुठलं नाव, मी विचारलं नाही.

त्या माझ्या कपाकडं बघत होत्या. मी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठलो. दारापर्यंत सून आली. जिना उतरायच्या आधी मी एकदा मागं पाहिलं, तर वस्तादांनी फोन परत सुलटा करून हातात घेतला होता आणि त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.